दुसऱ्याच्या जागेत पाऊल : कायदा अतिक्रमण कशाला म्हणतो?

सावद्याच्या बाजारपेठेत दुकानाला दुकान आणि भिंतीला भिंत लागून आहे. गावाबाहेर पडले की केळीच्या बागेला केळीची बाग. जागा अशी खेटून असली की तंटेही हात-दीड हाताचे असतात. शेजाऱ्याने पत्र्याची शेड पुढे ओढली. कोणी बांध कोरला. भाडेकरू नमाजेला किंवा जेवायला घरी गेला आणि घरमालकाने दुकानाला आपले कुलूप ठोकले. यातले काहीही घडले की आपल्या तोंडी एकच शब्द येतो, तो म्हणजे अतिक्रमण. मग कोणी पोलीस ठाण्यात जातो, कोणी नगरपालिकेत, कोणी रावेरला तहसील कचेरीत, आणि ज्याचे डोके गरम आहे तो हातात काठी घेतो.

यात नुकसान कोणाचे होते? बहुधा ज्याचा हक्क खरा आहे त्याचेच. कारण कायद्यात प्रत्येक तक्रारीचे दार वेगळे आहे आणि प्रत्येक दाराला मुदत आहे. चुकीच्या दारावर सहा महिने चकरा मारल्या, तर तोवर बरोबर दार बंद झालेले असते. काठी उचलली तर फिर्यादीचा आरोपी व्हायला एक रात्र पुरते. म्हणून दुसऱ्याच्या स्थावर जागेतील अनधिकार प्रवेश कायद्याने केव्हा सिद्ध होतो, त्यासाठी काय दाखवावे लागते आणि कुठे दाद मागावी, हे व्यापारी व कारागीर बंधूंच्या उपयोगासाठी येथे क्रमाने मांडले आहे.

मालकी वेगळी, कब्जा वेगळा

सर्वात आधी एक गैरसमज दूर करू. पुष्कळांना वाटते की अतिक्रमणाची तक्रार फक्त मालकच करू शकतो. तसे नाही. अतिक्रमण हा कब्जाविरुद्धचा अपराध आहे. जागा ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात आहे त्याची ती तक्रार. दुकान भाड्याचे असेल तर कब्जा भाडेकरूचा. बाग बटाईने किंवा ठोक्याने घेतली असेल आणि जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्याच्या ताब्यात दिली असेल तर कब्जा त्याचा. त्याच्या ताब्यातील जागेत खुद्द मालक बळजबरीने शिरला, तर तोही अतिक्रमण करणाराच ठरू शकतो.

आपल्या मुंबई हायकोर्टाने ही गोष्ट फार जुन्या काळी सांगितली आहे. 'रुद्राप्पा विरुद्ध नरसिंगराव' या विसाव्या शतकाच्या आरंभीच्या प्रकरणात असे ठरले की भाडेपट्ट्याची मुदत संपली असली तरी मालकाने कुळाला बळाने हुसकावू नये, आणि हुसकावल्यास कुळ कोर्टातून कब्जा परत मागू शकतो. 1968 साली 'लल्लू यशवंत सिंग' प्रकरणात सुप्रीम कोर्टाने हाच विचार उचलून धरला. 1989 च्या 'कृष्णा राम महाले' प्रकरणात तर स्पष्टच झाले की ज्याचा कब्जा स्थिर झाला आहे, त्याला जागेत राहण्याचा हक्क नाही असे क्षणभर धरले, तरी मालकाने त्याला कायद्याच्या मार्गानेच काढले पाहिजे.

स्थिर कब्जा म्हणजे काय? रात्रीतून कोणी येऊन चार बांबू रोवले तर तो स्थिर कब्जा नव्हे. अशा माणसाला मालकाने लगेच अडवले तर मालक गुन्हेगार होत नाही. पण तो माणूस मालकाच्या डोळ्यांदेखत बराच काळ बसला, मालक गप्प राहिला, तर कब्जा मुरत जातो. 1975 च्या 'पूरन सिंग' प्रकरणात शेतजमिनीसाठी एक खूण दिली आहे. कब्जा घेतल्यावर त्या माणसाने पीक उभे केले का, हे पाहावे. पीक उभे असेल तर ते उपटून टाकण्याचा आणि जोरजबरीने ताबा घेण्याचा हक्क मालकालाही राहत नाही. केळीचे पीक वर्षभराचे असते. शेजाऱ्याने हद्द ओलांडून कंद लावले ते दिसले त्या दिवशीच बोलायला हवे, घड लागेपर्यंत वाट पाहण्यात शहाणपण नाही.

दिवाणी अतिक्रमणाचे चार घटक

दिवाणी कोर्टात अतिक्रमण सिद्ध करायचे तर चार गोष्टी पाहिल्या जातात.

पहिला घटक कब्जाचा. तो वर सांगितला. घटनेच्या दिवशी जागा आपल्या ताब्यात होती हे दाखवावे लागते.

दुसरा घटक प्रवेशाचा. माणसाने पाय ठेवला म्हणजेच प्रवेश, असे नाही. आपल्या ओट्यावर विटा उतरवल्या, आपल्या भिंतीत खिळे ठोकून बोर्ड लावला, मातीचा ढीग ओतला, गुरे घातली, तरी तो प्रवेशच. जमिनीवरची उपयोगाची हवादेखील यात येते. इंग्लंडमध्ये 1957 साली 'केल्सन विरुद्ध इम्पीरियल टोबॅको' हा खटला झाला. एका तंबाखू विक्रेत्याच्या एकमजली दुकानावर शेजारच्या इमारतीवरील जाहिरातीचा फलक आठ इंच पुढे आला होता. दुकानदार जागेचा मालक नव्हता, पट्टेदार होता. त्याचे पैशाचे नुकसानही झाले नव्हते. तरी कोर्टाने फलक काढण्याचा हुकूम दिला. असे इंग्रजी निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नसले तरी अपकृत्यांचा आपला कायदा त्याच मुशीतून आला आहे आणि वकील त्यांचा आधार घेतात.

तिसरा घटक हेतूचा, पण तो मर्यादित अर्थाने. पाऊल जाणूनबुजून टाकले एवढे पुरते. 'ही जागा माझीच आहे असे मला वाटले' हा बचाव दिवाणी कोर्टात चालत नाही. 1681 च्या 'बेसली विरुद्ध क्लार्कसन' या खटल्यात एकाने आपल्या गवताबरोबर शेजाऱ्याचेही गवत चुकून कापून नेले. चूक प्रामाणिक होती, तरी तो हरला. आपल्याकडे कटाईच्या मजुरांनी शेजारच्या ओळीतले घड उतरवले तर न्याय हाच. मात्र गर्दीत कोणी धक्का दिला आणि माणूस दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन पडला, तर ते पाऊल त्याचे नव्हे आणि अतिक्रमणही त्याचे नव्हे.

चौथा घटक परवानगीच्या किंवा कायदेशीर अधिकाराच्या अभावाचा. गिऱ्हाईक दुकानात येते ते दुकानदाराच्या न बोललेल्या परवानगीने. वॉरंट घेऊन आलेला पोलीस किंवा कोर्टाचा बेलीफ कायद्याच्या अधिकाराने येतो. परवानगी काढून घेतली, निघून जाण्यास पुरेसा वेळ दिला आणि तरीही माणूस हलला नाही, तर त्या घटकेपासून तो अतिक्रमण करणारा होतो.

नुकसान हा घटक नाही, हे ध्यानात ठेवावे. एक रुपयाचे नुकसान झाले नसले तरी दावा चालतो. नुकसान किती, हा प्रश्न भरपाईची रक्कम ठरवताना येतो.

उपद्रव म्हणजे अतिक्रमण नव्हे

कारागीर बंधूंनी एक फरक समजून घ्यावा. पिंजाऱ्याच्या यंत्रातून उडणारी कापसाची रुई, वेल्डिंगचा धूर, सुताराच्या रंध्याचा आवाज शेजाऱ्याकडे गेला, तर ते अतिक्रमण नव्हे. त्याला उपद्रव म्हणतात. तिथे त्रास खरोखर आणि वाजवीपेक्षा जास्त आहे हे शेजाऱ्याला सिद्ध करावे लागते. उलट भुशाचा ढीग त्याच्या अंगणात टाकला तर ते सरळ अतिक्रमण, त्रास झाला असो वा नसो.

पैसे थकले म्हणून कोणी अतिक्रमण करणारा होतो का?

1610 सालचा 'सहा सुतारांचा खटला' या नावाने प्रसिद्ध असलेला एक इंग्रजी निकाल मजेशीर आहे. सहा सुतार एका सार्वजनिक खाणावळीवजा ठिकाणी गेले. पहिल्या वेळचे पैसे त्यांनी चुकते केले. पुन्हा मागवले त्याचे पैसे द्यायला मात्र नकार दिला. मालकाने अतिक्रमणाचा दावा लावला. कोर्ट म्हणाले, आत येताना त्यांना कायद्याने हक्क होता. पुढे त्यांनी एखादे वाईट कृत्य केले असते तर गोष्ट वेगळी, पण नुसते पैसे न देणे म्हणजे अतिक्रमण नव्हे. पैशासाठी पैशाचा दावा करावा.

ही गोष्ट आपल्या बाजारातल्या मालक आणि भाडेकरू दोघांनी ध्यानात ठेवावी. भाडे थकले म्हणून भाडेकरू अतिक्रमण करणारा होत नाही, आणि मालकाला कुलूप बदलण्याचा हक्क मिळत नाही. ज्या भागाला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू आहे, तेथे थकबाकीसाठी काढून टाकण्याचा दावा करण्यापूर्वी 90 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. सबळ कारणाशिवाय वीज-पाणी तोडण्यासही त्या कायद्याने मनाई आहे. याच कायद्याप्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. तोंडी व्यवहार आणि विनापावती भाडे ही आपल्याकडची जुनी सवय आहे. तंटा झाला की तीच दोघांनाही नडते.

फौजदारी केव्हा होते?

येथे बहुतेकांची फसगत होते. दिवाणी अतिक्रमणाचे चार घटक पूर्ण झाले म्हणजे फौजदारी गुन्हा झाला, असे मुळीच नाही. भारतीय दंड संहितेत ही तरतूद कलम 441 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम 329 आले. घटक तेच आहेत. दुसऱ्याच्या कब्जातील जागेत प्रवेश हवा, आणि तो गुन्हा करण्याच्या, किंवा कब्जेदाराला धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या अथवा त्रास देण्याच्या उद्देशाने हवा. प्रवेश कायदेशीर असला तरी त्याच वाईट उद्देशाने तेथे बेकायदा थांबून राहिले, तरी गुन्हा होतो. जागा राहते घर असेल, किंवा माल ठेवण्याची इमारत असेल, तर ते गृह-अतिक्रमण. वखार आणि गोदाम यातच येतात.

साध्या फौजदारी अतिक्रमणाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गृह-अतिक्रमणाला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दोन्ही गुन्हे दखलपात्र, जामीनपात्र आणि तडजोडीस पात्र आहेत.

उद्देश कसा पाहतात? सुप्रीम कोर्टाने 'मथरी विरुद्ध पंजाब राज्य' या प्रकरणात सांगितले की आपल्या कृत्याने दुसऱ्याला त्रास होईल एवढे ठाऊक असणे पुरेसे नाही. त्रास देणे हाच मुख्य उद्देश असला पाहिजे. म्हणून शेजाऱ्याने 'ही भिंत माझ्या हद्दीत आहे' अशा प्रामाणिक समजुतीने बांधकाम केले, तर पोलीस 'हे दिवाणी प्रकरण आहे' असे म्हणतात. ते दरवेळी टाळाटाळ करतात असे समजू नये. पुष्कळदा कायदाच तसा आहे. मात्र चार माणसे घेऊन येऊन शिवीगाळ केली, शटर तोडले, माल रस्त्यावर फेकला, तर उद्देश उघड दिसतो. अशा वेळी फिर्यादीत 'अतिक्रमण केले' एवढेच मोघम लिहू नये. कोण आले, कोणते शब्द बोलले, काय मोडले, कोणी पाहिले, हे सारे लिहावे. गुन्ह्याचे घटक त्या तपशिलातच असतात.

मुंबईच्या फुटपाथवरून आलेला धडा

या विषयावर महाराष्ट्रातला सर्वात गाजलेला निकाल म्हणजे 'ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका'. 1981 साली बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना मुंबईच्या पदपथांवरील झोपड्या हटवून रहिवाशांना गावी पाठवण्याचा निर्णय जाहीर झाला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. 10 जुलै 1985 रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे त्यातले वाक्य सर्वांना आठवते. पण आपल्या विषयाशी थेट संबंध असलेला भाग दुसरा आहे.

कोर्टाने म्हटले की या लोकांना फौजदारी अतिक्रमण करणारे म्हणणे चूक आहे. ते कोणाला धमकावायला, अपमान करायला किंवा त्रास द्यायला पदपथावर आलेले नाहीत, पोटासाठी नाइलाजाने आलेले आहेत. म्हणजे उद्देशाचा घटक नाही. मात्र त्याच निकालात असेही ठरले की सार्वजनिक पदपथ अडवून ठेवण्याचा हक्क कोणालाही नाही आणि पालिका त्यांना हटवू शकते. अपकृत्य म्हणून अतिक्रमण आहेच. पण अतिक्रमण करणाऱ्यालाही आधी निघून जाण्यास सांगावे, वाजवी अवधी द्यावा आणि बळ वापरायचे तर जरुरीपुरतेच वापरावे.

गुन्हेगार नाही, पण हक्कदारही नाही, अशी ही मधली स्थिती आहे. रस्त्याकडेला टपरी टाकणाऱ्या आपल्या अनेक बांधवांची स्थिती नेमकी हीच असते. त्यांनी 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे नगरपरिषदेच्या सर्वेक्षणात नोंद आणि प्रमाणपत्र मिळवण्याचा प्रयत्न करावा. त्यातच खरे संरक्षण आहे.

ज्यांचे पक्के बांधकाम स्वतःच्या जागेत आहे पण परवानगीचा वाद आहे, त्यांच्यासाठी सुप्रीम कोर्टाचा 13 नोव्हेंबर 2024 चा निकाल महत्त्वाचा आहे. पाडकामापूर्वी लेखी नोटीस, किमान 15 दिवसांची मुदत आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असे त्यात आहे. पण रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गाची हद्द किंवा नदीपात्र अशा सार्वजनिक जागेतील अनधिकृत बांधकामाला हे संरक्षण लागू नाही. दुकान आपल्या जागेत आणि पुढची शेड रस्त्यात असेल, तर शेडीसाठी त्या निकालावर भिस्त ठेवता येणार नाही.

मुदती पाठ कराव्यात

आता सर्वात महत्त्वाचे, म्हणजे मुदती.

सहा महिने : कायदेशीर मार्गाशिवाय आणि आपल्या संमतीशिवाय कोणी आपल्याला कब्जातून काढले, तर विनिर्दिष्ट अनुतोष कायदा, 1963 च्या कलम 6 खाली सहा महिन्यांत दावा करता येतो. यात मालकी कोणाची हा प्रश्नच विचारात घेत नाहीत. कब्जा माझा होता आणि तो बळाने काढला, एवढेच सिद्ध करायचे. या निकालावर अपील नाही. मात्र हा दावा सरकारविरुद्ध चालत नाही, आणि हरलेल्या पक्षाला मालकीचा वेगळा दावा करण्याची मोकळीक राहते. कुलूप बदललेल्या दुकानदारासाठी हे सर्वात जवळचे दार. पण ते फक्त सहा महिने उघडे असते.

तीन वर्षे : अतिक्रमणाबद्दल नुकसानभरपाई मागायची तर अतिक्रमणाच्या दिवसापासून तीन वर्षे.

बारा वर्षे : मालकीच्या आधारे कब्जा मागायचा तर प्रतिवादीचा कब्जा आपल्याविरुद्ध प्रतिकूल झाला तेव्हापासून बारा वर्षे. ती उलटली तर मुदतीच्या कायद्याच्या कलम 27 प्रमाणे मालकाचा हक्कच नाहीसा होतो. सरकारला मात्र दाव्यासाठी 30 वर्षे आहेत. म्हणून गावठाणातील सरकारी जागेवर वीस वर्षे बसलो म्हणजे ती आपली झाली, असे समजू नये.

येथे मालकांनी घाबरून जाऊ नये. भाडेकरू, राखणदार, 'तात्पुरता माल ठेवू द्या' म्हणून आलेला मित्र, यांचा कब्जा परवानगीचा असतो. तो कितीही वर्षे चालला तरी नुसत्या काळाने प्रतिकूल होत नाही. पण परवानगी होती हे दाखवणारा कागद हवा.

वक्फ जागांबाबतही हीच सावधगिरी हवी. 1995 च्या वक्फ कायद्यात मुदतीच्या कायद्यातून सूट होती. 2025 च्या दुरुस्तीने, 8 एप्रिल 2025 पासून, मुदतीचा कायदा या मिळकतींनाही लागू झाला, आणि सुप्रीम कोर्टाच्या सप्टेंबर 2025 च्या अंतरिम आदेशाने ही तरतूद थांबवलेली नाही. कब्रस्तानाच्या कुंपणात कोणी शिरले तर विश्वस्तांनी पुढच्या सभेची वाट पाहत वर्षे घालवू नयेत.

बांध, वाट आणि कटाई

शेतातल्या तंट्यासाठी दारे थोडी निराळी आहेत. बांध कोणी कोरला हे डोळ्यांनी ठरत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करावा. मोजणीनंतर मिळणारा 'क' प्रत नकाशा हा पुढच्या दाव्याचा पाया असतो. वहिवाटीची वाट किंवा पाण्याचा पाट अडवला असेल तर मामलतदार न्यायालय कायदा, 1906 प्रमाणे तहसीलदारांकडे दाद मागता येते. त्यालाही मुदत सहा महिन्यांचीच.

केळीच्या व्यापाऱ्याने उभी बाग विकत घेतली असेल, तर कापणीसाठी आत जाण्याची त्याची परवानगी मालकाला लहरीप्रमाणे मागे घेता येत नाही. भारतीय सुविधाधिकार कायदा, 1882 च्या कलम 60 प्रमाणे मालाच्या खरेदीला जोडून आलेली परवानगी व्यवहार कायम असेपर्यंत टिकते. त्याच कलमात असेही आहे की परवानगीवर विसंबून कोणी खर्च करून पक्के काम उभारले, तर तीही परवानगी सहज रद्द होत नाही. म्हणून 'बांधून घे, बघू नंतर' असे कोणाला तोंडी म्हणताना मालकाने विचार करावा, आणि तोंडी शब्दावर भिंत चढवताना कारागिरानेही.

प्रत्यक्षात काय करावे?

एक. कब्जाचा पुरावा शांततेच्या काळातच जमवावा. भाडेपावती, बँकेतून दिलेले भाडे, वीजबिल, घरपट्टीची पावती, दुकानाचा परवाना, सिटी सर्व्हेचा उतारा, शेतीसाठी सातबारा आणि पीक पाहणीची नोंद, हे सारे एका फाईलमध्ये ठेवावे. फेरफार नोंद ही महसुलासाठी असते, तिने मालकी ठरत नाही, हेही ध्यानात असावे. मोबाईलवरचे फोटो उपयोगी पडतात, पण कोर्टात ते दाखल करताना प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून मूळ फोन आणि मूळ फोटो जपावेत.

दोन. अतिक्रमण दिसताच लेखी हरकत घ्यावी. स्पीड पोस्टाने पाठवलेले चार ओळींचे पत्रसुद्धा पुढे 'मालक गप्प होता' या बचावाला उत्तर ठरते.

तीन. कोणी प्रत्यक्ष घुसत असेल आणि पोलिसांना बोलावण्यास वेळच नसेल, तर मालमत्तेच्या बचावाचा हक्क कायदा देतो. पण तो जरुरीपुरत्या बळाचा आहे, आणि पोलिसांकडे जाण्यास वेळ असेल तर तो हक्कच नाही. दुसऱ्या दिवशी माणसे जमवून 'परत कब्जा घेणे' हा बचाव नव्हे.

चार. घुसण्याची धमकी आहे पण अजून घुसलेला नाही, अशा वेळी रावेरच्या दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागावा. मालकीवरच खरा वाद उभा झाला असेल तर नुसती मनाई मागून भागत नाही. हक्काचे जाहीरीकरणही मागावे लागते, हे 2008 च्या 'अनथुला सुधाकर' निकालात सांगितले आहे. बांधकाम उभे राहिले असेल तर ते काढण्याचा आज्ञार्थी हुकूम मागावा.

पाच. शांतताभंगाचा धोका असेल तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 164 खाली कार्यवाही होऊ शकते. तेथेही मालकी पाहत नाहीत. आदेशाच्या दिवशी कब्जा कोणाचा होता, हे पाहतात. पोलिसांच्या अहवालापूर्वीच्या दोन महिन्यांत कोणाला बळाने काढले असेल, तर त्याचा कब्जा चालू होता असे धरता येते. येथे वेळ सहा महिन्यांहूनही कमी आहे.

सहा. शेजाऱ्याचे तोंड रोज पाहायचे असते. मोजणी दोघांनी मिळून, खर्च निम्मा-निम्मा करून मागवली, तर निम्मे तंटे तेथेच मिटतात. तडजोड झाली तर ती तोंडी ठेवू नये. दावा चालू असेल तर ती कोर्टापुढे दाखल करून हुकूमनामा घ्यावा. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचेच बळ असते.

आपल्या व्यवसायात चार बोटे जागेसाठी चार पिढ्यांचा शेजार तुटल्याची उदाहरणे प्रत्येकाला ठाऊक आहेत. जागा कोणाची हे शेवटी कोर्ट ठरवील. पण घटनेच्या दिवशी ती कोणाच्या ताब्यात होती, आत कोण आले आणि कोणत्या हक्काने आले, या तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर तयार ठेवणे आपल्या हाती आहे. ज्यांच्या दुकानाला आज कोणी हात लावलेला नाही, त्यांनी ती फाईल याच आठवड्यात तयार करावी.